अटी 'मान्य' असतात, की आपण त्यांच्याशी 'सहमत' असतो?

संकेतस्थळाच्या नोंदणी-अर्जाचा मराठी मसुदा करताना टिचकी मारण्याच्या चौकटीपुढे 'मी अटी व शर्तींशी सहमत आहे' असे लिहावे, 'मला अटी मान्य आहेत' असे लिहावे, की 'माझी संमती आहे' असे, आणि अट व शर्त यांत काही फरक आहे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते अटींसाठी 'मान्य' हाच शब्द योग्य आहे, 'संमती' वेगळ्या कामासाठी राखून ठेवावा आणि 'सहमत' येथे मुळीच वापरू नये.

सहमत असणे ही मताची बाब आहे. आपण एखाद्याच्या विधानाशी किंवा भूमिकेशी सहमत असतो. अकरा महिन्यांनी घर रिकामे करण्याची घरमालकाची अट भाडेकरूला जाचक वाटत असली, म्हणजे तो तिच्याशी सहमत नसला, तरी ती मान्य करून तो करारावर सही करतो आणि ती त्याच्यावर बंधनकारक होते. संकेतस्थळालाही वापरकर्त्याचे मत नको असते, त्याची मान्यता हवी असते.

'संमती'चा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३ नुसार दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हा त्यांची संमती झाली असे म्हणतात. त्या दृष्टीने प्रत्येक करारामागे संमती असतेच. परंतु डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीला स्वतंत्र आणि काटेकोर अर्थ आहे: ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, स्पष्ट कृतीतून व्यक्त व्हावी, आणि दिल्यानंतर ती केव्हाही मागे घेता यावी. मान्य केलेला करार मात्र मनात आले म्हणून असा मागे घेता येत नाही. दोन्हींचे परिणाम इतके भिन्न असताना एकाच चौकटीत 'अटींना व माहितीच्या वापराला माझी संमती आहे' असे लिहिणे मला धोक्याचे वाटते. दोन चौकटी कराव्यात आणि दोन क्रियापदे वापरावीत. याच कायद्याने संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक केले आहे आणि मराठी त्या अनुसूचीत आहे, म्हणून हा शब्दविचार आता निव्वळ हौसेचा राहिलेला नाही.

अट आणि शर्त यांत व्यवहारात फरक नाही. शर्त हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, आणि 'धनदौलत'प्रमाणे दोन कुळांचे समानार्थी शब्द शेजारी बसवण्याची आपली जुनी सवय असल्याने 'अटी व शर्ती' ही जोडी रुळली. नव्या मसुद्यात नुसते 'वापराच्या अटी' पुरेसे आहे. मात्र वाद कोणत्या शहरातील न्यायालयापुढे चालेल हे सांगणारे कलम ही अट नव्हे, तरतूद आहे, एवढे भान मजकुरात ठेवावे.

काही ठिकाणी चौकटच नसते. 'संकेतस्थळाचा वापर केल्यास अटी मान्य आहेत असे समजले जाईल' एवढेच तळाशी लिहिलेले असते. येथे 'समजले जाईल' हेच शब्द प्रामाणिक आहेत, कारण मान्यता दिलेली नाही, गृहीत धरलेली आहे. असे गृहीत धरणे नेहमी टिकतेच असे नाही. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या एका आज्ञावलीच्या (सॉफ्टवेअरच्या) अटी, ती आज्ञावली उतरवून (डाउनलोड करून) घेण्याच्या बटणाखाली, पडद्यावर दिसणार नाहीत अशा जागी होत्या. तेव्हा केवळ बटण दाबल्याने वापरकर्त्यांनी त्या मान्य केल्या असे होत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००२ मध्ये दिला.

आता वाक्यरचना. 'मी अटी स्वीकारतो/स्वीकारते' येथे लिंगभेदामुळे तिरकी रेघ मारावी लागते आणि वाक्य ओबडधोबड होते. 'मी वापराच्या अटी वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत' या वाक्यात क्रियापदे अटींप्रमाणे चालतात, त्यामुळे ते स्त्री, पुरुष कोणाच्याही तोंडी जसेच्या तसे बसते. दुसऱ्या चौकटीपुढे 'माझी माहिती वर सांगितलेल्या कारणासाठी वापरण्यास मी संमती देत आहे' असे लिहावे.