आधी मागं काय आहे ते बघ

कास पठारावरचे फुलांचे फोटो बघितले तुझे, तेरडा शार्प आलाय एकदम, पण मागं कुणाचातरी पिवळा रेनकोट आणि लोकांचे पाय दिसतायत, त्यामुळं नजर फुलावर थांबतच नाय बघ. पुढच्या वेळी पायवाट न सोडता तिथंच खाली बस आणि कॅमेरा फुलाच्या उंचीला आण, मग मागं गर्दीऐवजी लांबचं धुकं येतं आणि त्या राखाडी रंगावर गुलाबी तेरडा असला उठून दिसतो की बास! धुकं उजळ असलं की कॅमेरा फोटो काळपट काढतो म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +0.7 ते +1 करून बघ.

मागचं ब्लर करायला नुसतं एफ 1.8 लावून, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, भागत नाय. फूल दीड-दोन फुटांवर आणि मागचं 15-20 फूट लांब असलं तरच ब्लर नीट येतो, फूल झुडपाला चिकटून असलं तर लेन्स कितीबी भारी असूदे.

पण सगळंच ब्लर करायचं नाय हां. वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटावर माणसाचा फोटो काढशील तेव्हा एफ 8 ठेव, म्हणजे छिद्र बारीक, दगडी पायऱ्या दिसू देत, फक्त डोक्यामागं खांब नायतर फांदी आली तर एक पाऊल बाजूला सरक. मी आजपण क्लिक करायच्या आधी फ्रेमच्या चारी कडा बघतो.