घरचा हँडओव्हर

"मॅडम, हे टेन्शनचंच बीपी आहे ना? तुम्ही टेन्शन कमी करून द्या, गोळी नको. एकदा लागली की जन्माची लागते."

नांदेडला समुपदेशक म्हणून काम सुरू केल्यापासून हे वाक्य मी सर्वांत जास्त कुणाच्या तोंडून ऐकलं असेल, तर सिस्टरांच्या. रोज शंभर जणांचं बीपी मोजणाऱ्या बायका! म्हणून ही एका सिस्टरची हकिगत. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

वय त्रेचाळीस, नोकरी एकोणीस वर्षं. दोन वेगवेगळ्या दिवशी १५२/९८ आणि १४८/९६. "डॉक्टर गोळी घे म्हणायलेत," असं सांगताना त्यांचा आवाज गुन्हा कबूल करावा तसा खाली गेला.

पहिल्या भेटीत मी मनाबद्दल फारसं विचारलंच नाही. आईला बीपी होतं का? होतं. बाळंतपणात वाढलं होतं? दुसऱ्या वेळी, हो. कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक? "आठवड्यातून तीन-चारदा." नाइटला डब्यात काय? भाकरी, ठेचा, लोणचं, वर चहा-खारी. मिश्री? त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

म्हणजे सगळा दोष टेन्शनच्या माथी मारायची सोय नव्हती. आनुवंशिकता बदलत नाही. गरोदरपणी वाढलेलं बीपी पुढे पुन्हा वाढण्याची शक्यता जास्त असते. वेदनाशामक गोळ्या बीपी चढवतात आणि काही बीपीच्या गोळ्यांचा असर कमी करतात. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. लोणचं, पापड, खारी सगळं त्यातच धरायचं. वजन, तंबाखू हे तर आहेच. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी समुपदेशनासाठी थांबवायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावते.

राहिली झोप. शांत झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरतं, रक्तवाहिन्यांना तेवढीच उसंत मिळते. नाइटवालीला ती दिवसा मिळवावी लागते, आणि यांना मिळत होती जेमतेम तीन तास.

"ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला तुम्ही हँडओव्हर कसा देता?" मी दुसऱ्या भेटीत विचारलं.

त्या खुलल्या. "चार नंबरचं सलाईन संपत आलंय, सातला ताप, नऊला दहाचं इंजेक्शन… सही घेतल्याशिवाय मी हलत नाही."

"आणि साडेआठला घरी पोचल्यावर?"

"घरी हँडओव्हर घ्यायचा असतो मॅडम. द्यायचा नसतो."

बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. मग रडल्या. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि गप्प राहिले. ही गप्प राहण्याची कला मला बारा वर्षांनी साधली आहे. एका माणसाचं दुखणं बरेचदा अख्ख्या घराच्या घडीत असतं, असं मी मानते. त्यांच्या वाक्यात ती घडी उघडी पडली होती.

तिसऱ्या भेटीला नवरा आणि सासूबाई आल्या. सासूबाई निष्पापपणे म्हणाल्या, "मला वाटायचं, रात्री दवाखान्यात झोपत असतील." एकोणीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं आणि यांनी सांगितलं नव्हतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. ते नेमकं नाइटनंतरच्या सकाळी आलं, तरी भरायला याच उठत. नवरा पायाकडे बघत म्हणाला, "ते मी करतो."

घरच्या हँडओव्हरसाठी वही त्यांनीच आणली, वॉर्डातल्यासारखीच. तीन महिन्यांनी बीपी १३२/८४ झालं होतं. गोळी चालू आहे. कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील. डायक्लोफेनॅक बंद करून त्यांनी कंबरेचे व्यायाम धरलेत.

वहीचं एक पान मला दाखवायला आणलं होतं. मुलाचं अक्षर: "पाणी भरलं. कुकर लावला. आईला दोनपर्यंत उठवू नये." खाली सासूबाईंची थरथरती सही.

मिश्री अजून सुटलेली नाही. पुढची भेट त्यासाठी ठेवली आहे.