ईएसआय कापतात, मग कार्ड कुठंय?

प्रश्न : ताई, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे आहे. पगार १८,००० रुपये. ओतकाम करताना पाय भाजला, महिनाभर घरी बसलोय. ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापतात, पण कार्ड नाही. ठेकेदार मालकाकडं बोट दाखवतो, मालक ठेकेदाराकडं. — एक कामगार, बेळगाव

उत्तर : भाऊ, भाजलेल्या माणसाला असं टोलवतात, याचा संताप येतो. कायद्यानं जबाबदारी मूळ मालकाची. ठेकेदाराकडून वसुली त्याची त्यानं बघावी. तुमचे १३५ रुपये कापले, तर ५८५ मालकानं भरायचेच. कामावरच्या अपघातात रोजाच्या ९० टक्के भरपाई मिळते आणि आधी किती दिवस वर्गणी भरली, ही अटच नाही. पगाराची स्लिप जपा, कपातीचा तोच पुरावा. ईएसआयच्या शाखेत अपघाताची लेखी नोंद द्या आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.