पराभव म्हणजे खंडन नव्हे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

हेर्मान कोहेन या जर्मन ज्यू तत्त्वज्ञावरचा प्रबंध सोडून द्यावा का, असं तू विचारतेस. ज्याने १९१५ मध्ये जर्मनपण आणि ज्यूपण यांचं नातं आतून जुळलेलं आहे असं छातीठोकपणे लिहिलं, त्याचीच पत्नी मार्था १९४२ मध्ये तेरेझीनच्या नाझी छावणीत गेली. अशा माणसाची आशा आता कोणी गंभीरपणे का घ्यावी? तुझी घालमेल कळते. पण पराभव म्हणजे खंडन नव्हे.

ती १९१५ची, पहिल्या महायुद्धातली पुस्तिका मी सोडून दिली, तिची वकिली करणार नाही. ‘ज्यू धर्मस्रोतांतून विवेकाचा धर्म’ हा त्याचा ग्रंथ मात्र सोडणार नाही. कोहेन १९१८ मध्ये वारला, ग्रंथ १९१९ मध्ये छापला गेला. जर्मनीतल्या मार्बुर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञ कांट शिकवण्यात ज्याची उमेद गेली, तो अखेरीस म्हणतो की नीतिशास्त्राला मानवजात दिसते, हा समोरचा उपाशी माणूस दिसत नाही. तो दाखवला इस्रायलच्या संदेष्ट्यांनी, आणि दाखवला तो गरीब म्हणून. मरण सगळ्यांच्याच वाट्याला येतं. दारिद्र्य माणसांच्या व्यवस्थेतून येतं. म्हणून दुसऱ्याचं दुःख ही त्याची शिक्षा आहे, असं म्हणायचा मला अधिकारच नाही. ‘त्याचे भोग’ म्हणून हात झटकणाऱ्यांत तू वाढलीस, तुला हे आणखी सोडवून सांगायला नको. त्या करुणेतून शेजारून जाणारा कोणीतरी माझा सोबती होतो, त्याला मी ‘तू’ म्हणतो, आणि तेव्हा कुठे मी ‘मी’ होतो. याच ‘मी-तू’ नात्यावरचं ज्यू तत्त्वज्ञ बूबरचं ‘मी आणि तू’ आलं त्यानंतर, १९२३ मध्ये. दुसरा ज्यू तत्त्वज्ञ रोझेनत्स्वाइग तर बर्लिनमध्ये कोहेनच्या व्याख्यानांना बसत असे. त्या दोघांना जगभर वाचक मिळाले. कोहेनच्या या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर व्हायला १९७२ साल उजाडलं!

आणि हे काही म्हातारपणी सुचलेलं नव्हतं. १८८८ मध्ये मार्बुर्गच्या न्यायालयात एका शिक्षकावर खटला चालला. ज्यूंचा नीतिनियम फक्त ज्यूंपुरता, परक्याला फसवायला तालमुदची, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाची, मुभा आहे, असं तो सांगत होता. कोहेनने तज्ज्ञ म्हणून मत दिलं आणि शेजाऱ्यावरच्या प्रेमात परकाही येतो, हे मूळ ग्रंथांवरून दाखवलं. आयुष्यभर तो याच एका ठिकाणी खणत राहिला.

आता तुझ्या मार्गदर्शकांचं वाक्य: ‘इतिहासाने त्याला खोटं ठरवलं.’ कशात? कोहेनचा मसीहाकाळ, म्हणजे ज्यू परंपरेतला तो न्यायाचा आणि शांतीचा काळ, हे पंचांगातलं भाकीत नव्हे. तो कायम पुढेच राहणारा भविष्यकाळ आहे, आजच्या प्रत्येक राज्याला मोजायचं माप. माप मोडणाऱ्यांच्या हाती बंदुका होत्या, एवढंच १९४२ सिद्ध करतं. खुन्यांच्या हातून युक्तिवाद खोटा ठरत नाही. पराभव म्हणजे खंडन नव्हे, किती वेळा लिहू?

मलाही लोक म्हणायचे, सर, हा कोण वाचतो, जरा चलतीतलं शिकवा. मी अभ्यासक्रमाबाहेर संध्याकाळी दोन-तीन मुलांना घेऊन हाच वाचत राहिलो. त्यापायी बढती लांबली असेल, त्याचं दुःख नाही. ग्रंथ मराठीत आणायचा राहून गेला, ही खंत मात्र जात नाही, आणि तू विषय सोडायचा म्हणतेस तेव्हा मी चिडतो तो बहुधा म्हणूनच. तरी माझं म्हणणं बरोबरच आहे.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नकोस, दमशील. आठवं प्रकरण आधी घे, मग दहावं. तिथे संदेष्टा यहेज्केल बापाच्या पापाचं ओझं मुलाच्या डोक्यावरून उतरवतो. मग तेरावं. तिथे कोहेन इस्रायलचं दुःख मानवजातीसाठी सोसलेलं दुःख म्हणून वाचतो, आणि तिथे माझं त्याच्याशी भांडण आहे. दुसऱ्याच्या दुःखाला कारण चिकटवू नका म्हणणारा माणूस आपल्याच लोकांच्या दुःखाला अर्थ कसा देतो? स्वतःहून पत्करलेलं दुःख वेगळं, असं त्याचं उत्तर असेल. मला ते पुरत नाही. तुला कोहेनला धरायचंच असेल तर इथे धर, आणि काय सापडलं ते कळव.

तुझा,
सर