‘सराव झाला’ एवढ्यानं भागत नाही

प्रश्न : माझ्या सेक्शनच्या (जवानांच्या छोट्या तुकडीच्या) आठवड्याच्या कार्यक्रमात ‘प्रथमोपचार’, ‘रात्रीची गस्त’, ‘फायर अँड मूव्ह’ (एका गटानं गोळीबार करायचा, दुसऱ्यानं पुढं सरकायचं) असं लिहिलेलं असतं. सगळं वेळेवर पार पडतं, पण पोरं खरंच तयार झाली का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. उद्दिष्ट नेमकं कसं ठरवावं?
— एक तरुण सेक्शन कमांडर

उत्तर : तुमच्याकडे आज फक्त विषयांची यादी आहे. उद्दिष्टाला तीन गोष्टी लागतात : काय करायचं, कोणत्या परिस्थितीत, आणि कुठवर आलं म्हणजे जमलं. तिसरी गोष्ट लिहायचा कंटाळा करणारे कमांडर मी प्रशिक्षक म्हणून फार पाहिले, आणि गाडी नेमकी तिथंच अडते.

प्रथमोपचाराचंच घ्या. असं लिहा : अंधारात, अंगावर पूर्ण सामान असताना प्रत्येक जवान जोडीदाराच्या मांडीला एका मिनिटात टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायचा पट्टा) आवळेल, पायाची नाडी हाताला लागणार नाही, बांधल्याची वेळ लिहिलेली असेल. (सरावात नाडी थांबल्याची खात्री झाली की लगेच सैल करा.) ‘प्रत्येक जवान’ मुद्दाम म्हणतोय, कारण पहिली गोळी तुमच्या नर्सिंग असिस्टंटलाच लागू शकते. आणि एकच मिनिट का? मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो, त्यातला बराच वेळ त्याला आडोशाला ओढून नेण्यात जातो. निकष असा प्रत्यक्ष गरजेतून काढा.

फायर अँड मूव्हमध्ये घड्याळापेक्षा कान उपयोगी पडतो. एक गट उघड्यावर धावत असेपर्यंत दुसऱ्या गटाचा फायर तुटता कामा नये. रायफलचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलणारा ओरडून सांगतो का? शेजारचा लगेच ती पोकळी भरतो का? बाजूला उभं राहून एवढंच ऐका.

गस्तीलाही तोच तीन गोष्टींचा नियम लावा : काय करायचं, कोणत्या परिस्थितीत, कुठवर.

आठवड्याला दोन-तीनच उद्दिष्टं घ्या. आधी दिवसा, सावकाश, वजनाशिवाय, मग वेग, मग रात्र. जमलं नाही तर तिथंच, त्याच दिवशी पुन्हा. त्यासाठी कार्यक्रमात मोकळा वेळ आधीच राखून ठेवा, नाहीतर पुढचा विषय मागच्याचा गळा धरतो.

सराव संपल्यावर गोल बसवा आणि सर्वांत नव्या जवानाला आधी बोलू द्या. तुम्ही आधी बोललात, तर बाकीचे फक्त माना डोलावतील.