विंडोज नव्याने टाकायचंय, डेटा डी ड्राइव्हमध्ये हलवला की झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरच्या कम्प्युटरमध्ये एकच सी ड्राइव्ह आहे, फोटो, कागदपत्रं, हिशेब सगळं त्यातच, आणि विंडोज नव्याने टाकायच्या आधी डी ड्राइव्ह करून डेटा तिकडे हलवला की निर्धास्त होता येईल का. तर अर्धं काम होईल. उरलेल्या अर्ध्यात भलेभले फसतात आणि त्यात मीपण आलो.

काही वर्षांपूर्वी मी अगदी शिस्तीत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सगळं कॉपी केलं, दोनदा उघडून बघितलं आणि मग सी फॉरमॅट मारला. दोन दिवसांनी एक जुनी मेल शोधायला गेलो आणि ट्यूब पेटली. मेलचा प्रोग्राम मी असा लावला होता की मेल उतरवून घ्यायची आणि सर्व्हरवरची पुसायची, त्यामुळे सगळ्या मेल फक्त माझ्या कम्प्युटरवर होत्या, आणि त्या डॉक्युमेंट्समध्ये नव्हत्याच! त्या होत्या युजरच्या फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये, जो विंडोज मुळात लपवूनच ठेवतं. गेल्या त्या गेल्याच.

म्हणून पार्टिशनच्या (म्हणजे एकाच डिस्कचे सी, डी असे वेगळे भाग करण्याच्या) मागे लागण्याआधी आपला डेटा नेमका कुठे कुठे सांडलाय ते बघा. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल म्हणजे सी ड्राइव्हमधलीच फाइल, हे अजूनही कितीतरी जणांच्या लक्षात येत नाही. डाउनलोड्सचं तेच. ब्राउझरचे बुकमार्क, मेलचं प्रोफाइल, स्टिकी नोट्स, गेमचे सेव्ह हे बरंचसं अ‍ॅपडेटात असतं, आणि काही जुने हिशेबाचे प्रोग्राम तर डेटा थेट स्वतःच्या इन्स्टॉल फोल्डरमध्येच ठेवतात. प्रत्येक प्रोग्राममध्ये एक्सपोर्ट किंवा बॅकअप असं काही बटण आहे का ते शोधा आणि तेच वापरा. क्रोमचं फोल्डर जसंच्या तसं उचलून ठेवलं तर बुकमार्क परत येतील पण सेव्ह केलेले पासवर्ड येतीलच असं नाही, कारण ते तुमच्या विंडोज अकाउंटच्या किल्लीने बंद केलेले असतात आणि नव्या विंडोजमध्ये ती किल्लीच नसते. ते आधी सिंक तरी करा नाहीतर एक्सपोर्ट तरी.

आता वेगळं करायचं कसं. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, मोकळ्या झालेल्या जागेत नवं पार्टिशन, झाला डी. गंमत अशी की सी मध्ये भरपूर जागा रिकामी दिसत असूनही कधीकधी ते थोडीशीच कमी करू देतं, कारण पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती), हायबरनेशनची फाइल (कम्प्युटर बंद होताना चालू काम जपून ठेवणारी) असल्या जागेवरून न हलणाऱ्या फाइली मध्येच कुठेतरी ठाण मांडून बसलेल्या असतात. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोर तेवढ्यापुरतं बंद करून रीस्टार्ट मारा, बऱ्याचदा काम होतं, नंतर परत चालू करा. सी ला कंजूषपणा करू नका. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ६४ जीबी असली तरी प्रोग्राम आणि अपडेट धरून मी १५०-२०० च्या खाली जाणार नाही, कारण नंतर सी वाढवायचा म्हटलं तर त्याला लागून उजवीकडे रिकामी जागा लागते आणि तिथे नेमका तुमचा डी बसलेला असतो.

मग डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, आणि तिथे डी मधलं फोल्डर द्यायचं. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा प्रत्येकाला वेगळं फोल्डर बनवा हां, नुसता डी ड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नका. तसं केलं तर अख्खा डी च डॉक्युमेंट्स होऊन बसतो, आणि दोन फोल्डरना एकच जागा दिलीत तर ते वेगळे करताना नाकी नऊ येतात. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर त्याने डेस्कटॉप वगैरे आधीच स्वतःकडे ओढून घेतलेलं असू शकतं, ते आधी बंद करा. आणि काही जण अख्खं युजर्स फोल्डरच डी मध्ये न्यायच्या युक्त्या सांगतात, त्यांचं ऐकू नका, पुढे मोठ्या अपडेटला अडतं.

डी मध्ये आहे म्हणजे सेफ आहे असं मात्र अजिबात नाही. डिस्क एकच आहे, ती मेली की सी आणि डी दोन्ही गेले. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर तेही डी ला सोडत नाही. (आणि हो, पार्टिशन केल्याने कम्प्युटर फास्ट होतो हीपण अफवाच.) विंडोज उडवताना डेटाला हात लागू नये, एवढाच याचा फायदा, पण तो मोठा आहे. मॅकमध्ये २०१९ च्या कॅटालिनापासून सिस्टिम आणि डेटा असे दोन व्हॉल्यूम आपोआपच वेगळे असतात, लिनक्सवाले तर कधीपासून होमचं पार्टिशन वेगळं ठेवतात. बॅकअप मात्र बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि काम झालं की ती काढून ठेवायची.

फॉरमॅटच्या दिवशी दोन गोष्टी. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवायची सोय, आपोआप चालू असतं. तसं असेल तर डी ची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, कारण डी आपोआप उघडायची सोय सी वरच्या विंडोजमध्ये असते आणि ते विंडोज तुम्ही पुसणार आहात. दुसरं, विंडोज टाकतानाच्या सेटअपमध्ये सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, नुसते पार्टिशनचे नंबर आणि साइज दिसतात, तेव्हा दोघांची साइज लिहून ठेवा. घाईत साइज न बघता डिलीट दाबलं की आयुष्यभराचे फोटो जातात.

नवं विंडोज आलं की पुन्हा लोकेशन टॅबमध्ये जाऊन तीच डी वरची फोल्डरं दाखवायची. एखादं जुनं फोल्डर उघडताना परवानगी नाही असं म्हणालं तर घाबरू नका, त्यावर जुन्या अकाउंटची मालकी असते, कंटिन्यू दाबलं की सहसा उघडतं.