चेतापेशींमधली फट

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चेतापेशीची आकृती न पाहता काढता येते, पण एक पेशी दुसरीला संदेश देते म्हणजे नेमके काय करते हे उमगत नाही, असे तू लिहिलेस. आकृतीतली नावे पाठ झाली की विषय झाला असे मानणाऱ्यांना ही अडचण कधी जाणवतच नाही. तुला ती जाणवली याचा मला आनंद आहे. यापुढे आकृतीतल्या प्रत्येक भागाशी थांबून दोन प्रश्न विचारत जा: येथे प्रत्यक्षात काय हलते, आणि ते हलणे थांबले तर शरीराचे काय होईल?

अक्षतंतूपासून, म्हणजे पेशीतून निघून संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूपासून, सुरुवात कर. पुस्तकात तो बोटभर लांबीचा दिसतो, परंतु मज्जारज्जूपासून पायाच्या स्नायूंपर्यंत जाणारा अक्षतंतू प्रौढ माणसात सुमारे 1 मीटर लांब असू शकतो आणि त्याचे पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला पेशीचा मुख्य भाग, मात्र साध्या डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान असते. टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने या पेशीकायातच तयार होतात व सूक्ष्मनलिकांवरून पुढे नेली जातात. त्यातली सर्वांत जलद वाहतूकही दिवसाला साधारण 40 सेंटीमीटर एवढीच होते. म्हणजे जेथे सामग्री पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात, तेच अंतर संदेश सेकंदाच्या काही शतांशांत कापतो.

तो संदेश तारेतल्या विजेसारखा लांबीच्या दिशेने वाहत जातो, असा समज फार विद्यार्थ्यांचा असतो आणि तो आधी दूर करायला हवा. विश्रांतीच्या अवस्थेत पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याची, आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियमचे 3 आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकून पोटॅशियमचे 2 आत घेणारा पंप हा फरक टिकवण्यासाठी लागणारी आयनांची विषमता अखंड राखत असतो. उद्दीपन पुरेसे झाले की पटलातल्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे त्याला आत सोडणारी सूक्ष्म दारे, उघडतात आणि सोडियम बाहेरून आत घुसतो, म्हणजे हालचाल आडवी होते. एका जागेच्या बदलामुळे शेजारच्या वाहिन्या उघडतात, आणि पुढे सरकतो तो हा बदल. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी 1952 साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवरील प्रयोगांतून याचे गणित मांडले. मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असलेल्या तंतूत हा बदल आवरणामधल्या उघड्या जागांवरच घडत जातो, त्यामुळे जाड आवृत तंतूंचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या घरात जातो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूंचा 1 मीटरच्या आसपास राहतो.

आता संपर्कस्थान, म्हणजेच सिनॅप्स. तुझा सर्वाधिक वेळ येथे जायला हवा. चेतासंस्था हे एकच अखंड जाळे आहे असे कामिल्लो गॉल्जी मानत. त्यांनीच शोधलेल्या, पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दाखवणाऱ्या चांदीच्या रंजनपद्धतीने सांतियागो रामोन इ काहाल यांनी मात्र प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचे दाखवले. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना एकत्र मिळाले, तरी गॉल्जींनी त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही आपलेच मत मांडले. दोन पेशींमधली जेमतेम 20 नॅनोमीटरची फट प्रत्यक्ष दिसली ती 1950 च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे. काही पेशींमध्ये थेट विद्युत जोडणीही असते. पण बहुतेक ठिकाणी ही फट रसायनाने ओलांडली जाते. ऑटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या हृदयाची, मेंदूकडून येणारी व्हेगस चेता उद्दीपित केली आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा चेता न छेडताही ते दुसरे हृदय मंदावले. ते रसायन ॲसिटिलकोलीन होते.

चेता आणि स्नायू यांच्या संधीवर त्याचा प्रवास पाहा. संदेश टोकाला पोहोचताच कॅल्शियम आत येतो, ॲसिटिलकोलीनने भरलेल्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, पटलाला मिळून फटीत रिकाम्या होतात, ते रेणू स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे त्यांना पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात, स्नायू आकुंचन पावतो आणि एक विकर (एन्झाइम) उरलेल्या ॲसिटिलकोलीनचे लगेच विघटन करते. आता तुझा दुसरा प्रश्न विचार. नागाच्या विषातले घटक स्नायूवरचे ग्राही अडवतात. मण्यारीच्या विषातले घटक अलीकडच्या बाजूला, चेतेच्या टोकावरच घाला घालतात. दोन्हींत पापण्या जड होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पण विकराला रोखून ॲसिटिलकोलीन वाढवणारे निओस्टिग्मीन हे औषध नागदंशात उपयोगी पडू शकते आणि मण्यारीच्या दंशात त्याचा भरवसा नसतो, कारण तेथे वाढवण्यासाठी रसायन सुटतच नाही. टोक दुरुस्त होईपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर जगवावे लागते. आणि हेच विकर शेतावर फवारल्या जाणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांनी निकामी झाले की ॲसिटिलकोलीन साचत जाते, लाळ व घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि मग लुळे पडतात. फटीतली एकेक पायरी येथे माणसाच्या जिवाशी बांधलेली आहे. म्हणून ती घोकून सोडून देऊ नकोस, असे मी कळकळीने सांगतो.

एक प्रश्न तुझ्यासाठी ठेवतो. कोकणातल्या लाल विंचवाचे विष सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होऊ देत नाही, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर रक्तवाहिन्यांवरील ॲड्रेनलिनचे ग्राही अडवणारे प्राझोसिन वापरून अनेकांचे प्राण वाचवले. बिघाड अक्षतंतूत असताना औषध फटीच्या पलीकडे का लागू पडते, याची पायरीवार आकृती काढ आणि मला पाठव.

तुझा,
शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक